आईचं केमो सुरू आहे, वजन उतरत चाललंय. कोणती प्रोटीन पावडर किंवा सप्लिमेंट द्यावं?

पहिले हे सांगा, पावडरचा डबा डॉक्टरांनी लिहून दिला की नातेवाइकांनी? आमच्याकडे जावईबुवांनी आणला होता.

सासऱ्यांना गालाचा कॅन्सर. कारण नागपूरकरांना सांगायला नको, खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेलं मिश्रण. रेडिएशनने तोंड असं सोलून निघालं की पोळीचा मऊ तुकडाही झोंबायचा. त्यात नणंदेचे यजमान चेन मार्केटिंगचा डबा अन् अँटिऑक्सिडंटच्या (व्हिटॅमिन सी, ई वगैरे) गोळ्या घेऊन हजर. वरून ज्ञान: साखर-दूध बंद करा, साखरेवर कॅन्सर पोसतो. जावयाला उलटून कोण बोलणार? सासूबाईंनी दूध बंद केलं, वजन आणखी उतरलं. साखर सोडून कॅन्सर उपाशी मरत नाही, माणूस मात्र वाळतो.

मी डबा पिशवीत घातला आणि डाएटिशियनपुढे ठेवला. तिने लेबल वाचून दाखवलं: एका मापात एका अंड्याएवढंही प्रोटीन नाही, बाकी कसलेकसले अर्क, प्रमाण न लिहिलेले. गोळ्या तर रेडिएशन ऑन्कोलॉजिस्टनीच थांबवल्या. उपचार सुरू असताना मोठ्या डोसची अँटिऑक्सिडंट देत नाहीत, उपचाराचाच जोर कमी व्हायची भीती असते.

हिशेब साधा आहे. दर किलो वजनामागे दिवसाला 25 ते 30 कॅलरी आणि 1 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन. म्हणजे 50 किलोच्या माणसाला 50 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात 6 च्या आसपास. मी मऊ खिचडीत तूप आणि पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून द्यायची, दुधात दूध पावडर, मुगाचं वरण मिक्सरमधून, दर दोन तासांनी वाटीभर. अंडं उष्ण पडतं म्हणे! रेडिएशन काय थंड असतं?

बाकी पावडर वाईटच असं नाही. जेवण पुरत नसेल तर डाएटिशियन स्वतःच लिहून देतात, तेव्हा जरूर द्या. किडनीचा त्रास किंवा शुगर असेल तर वरचा हिशेब बदलतो. आणि कॅन्सरमध्ये शरीर आतून स्नायू झिजवतं, त्यामुळे पोटभर खाऊनही वजन उतरू शकतं. तसं झालं तर आईला 'तू खातच नाहीस' म्हणून बोलू नका, डॉक्टरांना सांगा. हळदीच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क, काढे, जे काही चालू असेल तेही सांगा. काहींचं केमोच्या औषधांशी जमत नाही.

आणि डबा आणणाऱ्यालाही ओपीडीत सोबत न्या. आमचे आले नव्हते.