कपाटातला कागद मुलीला वाचायला द्या

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मी दोनदा वाचले. मुलीला बी.कॉम.ला ७१ टक्के गुण आहेत आणि तिला कामगारविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रम करायचा आहे. आपले म्हणणे असे, की मंदी आणि नवे कामगार कायदे यांमुळे खासगी नोकरीचा भरवसा उरलेला नाही, तेव्हा तिने फक्त सरकारी परीक्षा द्याव्यात. गुणांची मला चिंता वाटत नाही. चिंता वाटली ती शेवटी सहज लिहिलेल्या एका वाक्याची: २००९च्या मंदीत कारखान्याने आपला हिशेब करून दिला, तो कागद आपण अजून कपाटात जपून ठेवला आहे आणि तिचे अभ्यासातले लक्ष उडाले की तो तिच्यापुढे धरता. हे समजावणे नव्हे. आपल्या धास्तीचा हप्ता आपण बावीस वर्षांच्या मुलीकडून वसूल करत आहात.

तो कागद कशाचा, हेही आपणच लिहिले आहे: "सगळ्यांनी केली म्हणून मीही राजीनाम्यावर सही केली." कामगाराची छाटणी करायची तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई, ही तरतूद १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात तेव्हाही होती. स्वेच्छेने दिलेला राजीनामा मात्र कायद्याच्या लेखी छाटणी ठरत नाही. अठरा वर्षांच्या नोकरीची, म्हणजे सुमारे नऊ महिन्यांच्या पगाराइतकी, भरपाई त्या सहीने हातची गेली. सही करण्यापूर्वी हे सांगणारे त्या दिवशी आपल्या शेजारी कोणी नव्हते, आणि आपली मुलगी नेमके हेच शिकू पाहते आहे.

"आता तीनशेच्या आतला मालक कोणालाही एका दिवसात काढू शकतो," हा आपला समज चुकीचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने १०० कामगारांवरून ३०० कामगारांवर नेलेली मर्यादा छाटणीसाठी लागणाऱ्या सरकारच्या पूर्वपरवानगीची आहे, आणि तीही कारखाने, खाणी व मळे यांच्यापुरती. नोटीस आणि भरपाई कायम आहेत. शिवाय छाटणी झालेल्या कामगारासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मालकाने पुनर्कौशल्य निधीत, म्हणजे नवे कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीत, भरायची आहे. ही मर्यादा वाढवणे मंदीत कामगारांच्या अंगाशी येईल असे माझे स्पष्ट मत आहे, कारण परवानगीच्या अर्जावर निदान त्यांचे म्हणणे ऐकले जात असे. पण संरक्षणच संपले, असे म्हणणे खरे नाही. आणखी एक गोष्ट तिलाही ठाऊक असावी: व्यवस्थापकीय पदावरची व्यक्ती पूर्वीही 'कामगार' या व्याख्येत बसत नव्हती, त्यामुळे तशी नोकरी मिळाल्यास तिची सुरक्षितता मुख्यतः नियुक्तिपत्रातल्या अटींवर राहील.

सरकारी परीक्षेचा आग्रहच असेल, तर भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या पदांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग घेत असलेल्या परीक्षेला हा अभ्यास उपयोगीच पडेल. शिवाय २५० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती या दुसऱ्या नव्या संहितेनुसार बंधनकारक आहे.

तो कागद एकदा तिच्या हाती द्या आणि त्यातली कोणती ओळ आपल्या विरुद्ध गेली, हे तिलाच शोधू द्या. प्रवेशाची मुदत कधी संपते, हे पत्रात लिहायचे राहून गेले आहे. ते मला तिने स्वतः कळवावे.