पाण्याच्या प्रवाहाची विजेशी आणि चुंबकत्वाशी तुलना खरी आहे, की फक्त समजावण्यापुरती?

तुमच्या प्रश्नातले 'फक्त समजावण्यापुरती' हे शब्द वाचले आणि लिहायला बसले. हेच शब्द मी तिसऱ्या वर्षाच्या व्हायवात (तोंडी परीक्षेत) ऐकलेत आणि अजून विसरलेले नाही.

प्रयोग रिलेचा, म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणाऱ्या स्विचचा होता. त्याच्या कॉइलला (तारेच्या वेटोळ्याला) २४ व्होल्ट डीसी, मध्ये साधा स्विच. स्विच उघडला की कॉन्टॅक्टमध्ये निळसर ठिणगी उडायची. आमच्या टेबलावरच्या स्विचचे कॉन्टॅक्ट त्या ठिणग्यांनी काळे पडले होते, नख फिरवलं तर बारीक खड्डे लागायचे. एक्स्टर्नलनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) विचारलं, पुरवठा २४ व्होल्टचा, मग ठिणगी कशी पडते? मी म्हटलं, "सर, लांब पाइपातून पाणी वेगात चाललेलं असताना नळ झटकन बंद केला की पाइप दणकतो, तसंच. धावता प्रवाह एकदम थांबत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पाणीबिणी शाळेत. ते फक्त समजावण्यापुरतं असतं. समीकरण सांगा."

मी सांगितलं: व्होल्टेज म्हणजे एल गुणिले करंट बदलण्याचा दर. एल म्हणजे इंडक्टन्स, करंटच्या बदलाला कॉइल किती विरोध करते त्याचं माप. मग पाण्याचंही सांगायला लागले, कारण तेही मला येत होतं. पाइपातल्या पाण्याचा प्रवाह बदलायचा तर दोन टोकांच्या दाबात फरक लागतो, आणि तो असतो घनता गुणिले लांबी भागिले छेदाचं क्षेत्रफळ, गुणिले प्रवाह बदलण्याचा दर. म्हणजे पाइपालाही एल असतो! लांब, अरुंद पाइप म्हणजे मोठी कॉइल. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढच्या रोल नंबरला हाक गेली. वीसपैकी नऊ मिळाले.

पुढे माझी सगळी नोकरी पंपिंगच्या कामात गेली. वीज गेली, पंप ट्रिप झाला, की लांब रायझिंग मेनमधलं (पाणी वर चढवणाऱ्या मुख्य पाइपमधलं) पाणी काय करतं हे आधी काढून ठेवावं लागतं. पाणी सेकंदाला १.५ मीटरने चाललंय, पाइपातल्या दाबाच्या लहरीचा वेग सेकंदाला १२०० मीटर धरला, तर ते एका क्षणात थांबल्यावर दाब १८ बारने (हवेच्या दाबाच्या सुमारे अठरा पटीने) चढतो. सूत्र रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्कीचं, १८९८ सालचं: घनता गुणिले लहरीचा वेग गुणिले पाण्याचा वेग. घर्षण बाजूला ठेवलं तर ज्या समीकरणांवर ही गणितं चालतात ती लांब केबलचीच आहेत, फक्त अक्षरं वेगळी. व्होल्टेजच्या जागी दाब, करंटच्या जागी प्रवाह. केबलला स्वतःचा इंपिडन्स (लहरीतल्या व्होल्टेजचं करंटशी गुणोत्तर) असतो तसा पाइपालाही असतो, आणि बंद टोकावरून लहर जशी परतते तशीच उघड्या सर्किटवरून परतते. सर्ज टँक, म्हणजे दाब उसळला की जादा पाणी सामावून घेणारी टाकी, हा कपॅसिटर, म्हणजे विजेचा प्रभार साठवणारा भाग.

याहून पक्का पुरावा हवा असेल तर हायड्रॉलिक रॅम पाहा. मोंगोल्फिएने १७९६ मध्ये केलेला हा पंप ना इंजिनवर चालतो ना विजेवर. उतारावरच्या लांब पाइपातून पाणी वेग घेतं आणि एका झडपेतून वाहून जातं. वेग पुरेसा वाढला की त्याच पाण्याच्या रेट्याने ती झडप आपटून बंद होते. दाब उसळतो आणि थोडं पाणी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून (एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेतून) हवेच्या डब्यात शिरतं, तिथून मूळ पातळीच्या कितीतरी वर चढतं. आता बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे डीसी व्होल्टेज वाढवणारं सर्किट काढा: कॉइल, स्विच, डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा), कपॅसिटर. पाइप, झडप, नॉन-रिटर्न, हवेचा डबा. एकेका भागाची जोडी लागते. दोन्हीकडे कमी दाबाचा मोठा प्रवाह देऊन जास्त दाबाचा लहान प्रवाह घेतलाय.

तुम्ही चुंबकत्वाचंही विचारलंय. तिथलं साम्य जास्त खोल आहे. न दबणाऱ्या द्रवाच्या वेगाचा डायव्हर्जन्स (एखाद्या बिंदूतून बाहेर पडण्याचं माप) शून्य, चुंबकीय क्षेत्राचाही शून्य. वेगाचा कर्ल (बिंदूभोवती फिरण्याचं माप) म्हणजे व्हॉर्टिसिटी, भोवऱ्याची तीव्रता, आणि स्थिर चुंबकीय क्षेत्राचा कर्ल म्हणजे, एका स्थिरांकाने गुणलेली, करंटची घनता. म्हणून धुराच्या वर्तुळाभोवती हवा जशी फिरते, अगदी त्याच आकाराचं क्षेत्र तारेच्या गोल वेढ्याभोवती असतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने भोवऱ्यांवरच्या १८५८ च्या निबंधातच हे साम्य दाखवलं. मॅक्सवेलने त्याआधीच, १८५५-५६ मध्ये, फॅरेडेच्या बलरेषा एका काल्पनिक द्रवाच्या प्रवाहासारख्या मांडल्या होत्या. १८६१-६२ मध्ये त्याने चुंबकीय क्षेत्र म्हणजे फिरणारे भोवरे असं चित्र घेतलं, आणि त्याच कामातून डिस्प्लेसमेंट करंट, म्हणजे बदलत्या विद्युत क्षेत्रामुळे धरावा लागणारा करंट, निघाला. दोन्ही वेळा जोड्या वेगळ्या लावल्या होत्या, हे लक्षात ठेवा. एकदा क्षेत्र म्हणजे वेग, दुसऱ्यांदा क्षेत्र म्हणजे फिरणं. या दोन्ही एकत्र कालवल्या की गोंधळ होतो.

माझा राग पाठ्यपुस्तकांवरही आहे. ती तुलनेतला नेमका कच्चा भाग उचलतात: 'अरुंद नळी म्हणजे जास्त रेझिस्टन्स'. तारेची त्रिज्या दुप्पट केली तर रेझिस्टन्स चौथ्या भागावर येतो. नळीची दुप्पट केली तर संथ प्रवाहात अडथळा सोळाव्या भागावर येतो, कारण पाणी भिंतीला चिकटून राहतं. आणि प्रवाह खळाळता झाला की दाब वेगाच्या जवळजवळ वर्गाने वाढतो, म्हणजे ओहमचा नियमच उरत नाही. जडतेचा भाग, जिथे साम्य समीकरणासकट बसतं, तो मात्र कुणी शिकवत नाही.

तुम्ही शिकवत असाल, आणि एखाद्या मुलीने ठिणगीला पाण्याचा दणका म्हटलं, तर पेन खाली ठेवू नका. 'पाइपाचा एल किती?' असं विचारा. ती सांगू शकली तर तिला पूर्ण मार्क द्या. सांगता आलं नाही, तर मार्क खुशाल कापा.

काही मर्यादा राहिल्या, त्या सांगते. क्षेत्राचं चित्र जुळतं, बळाचं जुळत नाही: एकाच दिशेच्या करंटच्या दोन समांतर तारा एकमेकींना ओढतात, पण एकाच दिशेने फिरणारे दोन समांतर भोवरे एकमेकांभोवती फिरत राहतात. नॉर्वेच्या सी. ए. ब्येर्कनेसने १८८१ च्या पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात पाण्यात एका तालात फुगणारे-आकसणारे गोळे दाखवले होते. ते एकमेकांकडे ओढले जात, विरुद्ध तालातले दूर ढकलले जात. विजेच्या प्रभारांच्या बरोब्बर उलट. पाइपात ऊर्जा पाण्यातूनच जाते. सर्किटमध्ये ती तारेभोवतीच्या क्षेत्रातून जाते, हे इंग्लिश शास्त्रज्ञ पॉइंटिंगने १८८४ मध्ये दाखवलं. आणि प्रकाशाची लहर आडवी असते, पाण्यातला आवाज प्रवासाच्याच दिशेने हलतो. त्यामुळे प्रकाशापर्यंत पोहोचलात की ही तुलना सोडून द्या.