बेटावरचा स्टार्टअप : पहिला पैसा मिळेल, पहिलं गिऱ्हाईक शोधा

प्रश्न : मी मॉरिशसमध्ये व्हाक्वा इथं प्राथमिक शाळेत मराठी शिकवतो. माझी मुलगी भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. हे तिचं शेवटचं सत्र. उसाच्या बगॅसपासून, म्हणजे रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यापासून, पाण्यावरचं तेल टिपून घेणारं साहित्य तयार करायचा प्रकल्प तिनं केला आहे. परत येऊन यावरच स्टार्टअप काढायचं म्हणते, त्यासाठी सीड फंडिंग, म्हणजे सुरुवातीचं भांडवल, मिळतं असंही सांगते. तिनं सरकारी शाळेत विज्ञान शिक्षिका व्हावं अशी आमची इच्छा. आमच्या एवढ्याशा देशात असा धंदा चालेल का? वेळ पडली तर मी घर तारण ठेवायला तयार आहे. योग्य होईल का? – एक पालक

उत्तर : नमस्कार गुरुजी,

आधी घराचं सांगते. घर तारण ठेवू नका. प्रयोगशाळेतून निघालेल्या धंद्यात पहिली दोन-तीन वर्षं विक्री जवळजवळ नसतेच, बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला हजर असतो. या टप्प्यासाठी परतफेड न करायचं अनुदान असतं आणि ते तुमच्या देशात उपलब्ध आहे. अनुदानाच्या जोरावर जेवढं होईल तेवढंच मुलीनं सुरुवातीला करावं. तेवढ्यानं वस्तू उभी राहत नसेल, तर तुमचं घर घालूनही ती उभी राहणार नाही.

अनुदानाचं मुख्य दार म्हणजे एबेन सायबरसिटीतली मॉरिशस रिसर्च अँड इनोव्हेशन कौन्सिल, म्हणजे एमआरआयसी. १९९२ पासून ती रिसर्च कौन्सिल म्हणून काम करत होती, २०१९ च्या कायद्यानं तिला नवं रूप मिळालं. मॉरिशसचा पहिला छोटा उपग्रह, मिर-सॅट १, याच संस्थेचा. जून २०२१ मध्ये तो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या जपानी किबो विभागातून सोडला गेला. हे मुद्दाम सांगते, कारण ‘आमच्याकडे विज्ञानाला कोण विचारतो’ असा सूर तुमच्या पत्रात आहे. विचारणारे आहेत. तिथं संकल्पना सिद्ध करण्यासाठी वेगळी योजना आहे, उद्योग आणि संशोधन संस्था यांनी मिळून करायच्या कामासाठी वेगळी, आणि इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या धंद्यांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्रांमार्फत, नवउद्योजकांना मदत करणारी नॅशनल एसएमई इन्क्युबेटर स्कीम वेगळी. मोकाचं टर्बाइन, ला प्लाज फॅक्टरी ही खासगी केंद्रं या शेवटच्या योजनेत सहभागी झाली. रकमा आणि अटी बदलत राहतात. तुमचा अर्थसंकल्प जूनमध्ये येतो, त्यानंतरची ताजी सूचना वाचूनच अर्ज भरावा.

बहुतेक मुलं सरळ इन्क्युबेटरकडे धावतात. तिथं वातावरण छान असतं, समवयस्क भेटतात. तुमच्या मुलीनं मात्र आधी उद्योग आणि संस्था यांच्या संयुक्त योजनेकडे पाहावं असं माझं ठाम मत आहे. त्या योजनेत कंपनी स्वतःचा जितका वाटा घालते, त्याच्या जोडीनं कौन्सिल आपला घालते. म्हणजे अर्ज करायच्या आधीच तिला अशी एक कंपनी शोधावी लागेल, जी या वस्तूसाठी खिशातून पैसे काढायला तयार आहे. छोट्या बेटावर खरी परीक्षा तीच. पहिला पैसा सरकारकडून, देणगीदार संस्थेकडून कुठून तरी येतो. दुसरा पैसा गिऱ्हाइकाकडून यावा लागतो, आणि तुमच्याकडे माणसंच साडेबारा लाखांच्या आसपास. एवढी वस्ती पुण्याच्या निम्मीसुद्धा नाही.

मग तिची वस्तू घेणार कोण? तिला ही कल्पना कशी सुचली असेल याचा अंदाज येतो. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ जहाज प्वांत देस्नीजवळच्या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे हजार टन इंधन तेल समुद्रात गेलं. लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून लांब लांब अडसर शिवले आणि पाण्यात सोडले. भारतानंही तटरक्षक दलाचं दहा जणांचं पथक आणि तीस टनांहून जास्त साहित्य पाठवलं होतं. त्या वयातल्या मुलीच्या मनावर हे कोरलं जाणं स्वाभाविक आहे, आणि त्यातून रसायनशास्त्राकडे वळणं ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पण धंद्याच्या अंगानं पाहिलं तर अशी दुर्घटना क्वचित घडते. क्वचित लागणाऱ्या वस्तूवर दर महिन्याचा पगार निघत नाही.

निघतो तो रोजच्या गळतीवर. पोर्ट लुईस बंदरात जहाजांना इंधन भरलं जातं. सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्डाची जड तेलावर चालणारी वीजकेंद्रं आहेत. तेलाच्या टाक्या, बसचे डेपो, गॅरेज, मच्छीमार धक्के, हॉटेलांच्या मोटारबोटी, इथं तेल रोज सांडतं आणि ते टिपायला काही ना काही वापरलं जातंच. मुलीनं सत्र संपवून घरी आल्यावर अशा दहा-बारा ठिकाणी जाऊन विचारावं : आत्ता काय वापरता, ते कुठून येतं, किलोला किती पडतं, वापरून झाल्यावर त्याचं काय करता? या शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यायला सांगा. तेल प्यायलेलं साहित्य हा घातक कचरा असतो. तो साठवायचा कुठं, जाळायचा कुठं, याचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याची वस्तू बेटावर विकली जाते. नुसतं ‘आमचं साहित्य स्वस्त आणि पर्यावरणपूरक’ म्हणून भागत नाही.

तांत्रिक बाजूनं दोन शंका मला दिसतात. तिच्या प्राध्यापकांनी त्या काढल्या असतील तर उत्तमच. बगॅस तेल पितो तसा पाणीही पितो. कोरड्या नमुन्यानं किती तेल टिपलं हा आकडा प्रबंधाला पुरतो. गिऱ्हाइकाला कळायला हवं ते हे, की खाऱ्या पाण्यात रात्रभर तरंगल्यावर त्यानं किती टिपलं, आणि बुडाला तर नाही. दुसरी शंका कच्च्या मालाची. मॉरिशसमध्ये बगॅस फुकट पडलेला नाही. कारखाने तो जाळून वीज करतात, ती ग्रिडला जाते, म्हणजे त्याला आधीच भाव आहे. शिवाय गाळप साधारण जून ते डिसेंबर. उरलेल्या महिन्यांचा साठा कुठं ठेवणार? शेतातल्या पाचटाचा पर्याय तिनं तपासला आहे का ते विचारा. रेदुईची शुगर इंडस्ट्री रिसर्च इन्स्टिट्यूट १९५३ पासून उसावरच काम करते, आणि मॉरिशस विद्यापीठही तिथंच. सल्ला मागायला दोन्हीकडे जावं.

आता घाईची गोष्ट. प्रबंध सादर करण्याआधी पेटंटचा विचार व्हायला हवा. प्रबंध ग्रंथालयात किंवा संकेतस्थळावर खुला झाला, की नावीन्याचा दावा अडचणीत येतो. शिवाय काम पुण्याच्या प्रयोगशाळेत झालं आहे, तेव्हा त्यावर संस्थेचा हक्क किती आणि तिचा किती, हे तोंडी नको, कागदावर हवं. आणखी एक बारकी तरतूद : भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परदेशात आधी पेटंट अर्ज करायचा असेल तर भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३९ नुसार परवानगी घ्यावी लागते, नाहीतर आधी भारतात अर्ज करून ठरलेली मुदत थांबावं लागतं. मॉरिशस मार्च २०२३ पासून आंतरराष्ट्रीय पेटंट सहकार्य करारात, म्हणजे पीसीटीमध्ये आहे, त्यामुळे पुढचा रस्ता सोपा झाला आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरात व्हेंचर सेंटर आहे. विज्ञानाधारित स्टार्टअपसाठीच ते उभं आहे. परत जाण्याआधी तिनं तिथल्या माणसांशी बोलावं. मात्र विद्यार्थी व्हिसावर भारतात नोकरी-धंदा करता येत नाही, आणि आमच्या स्टार्टअप इंडिया सीड फंडला भारतीय प्रवर्तकांचा किमान ५१ टक्के वाटा लागतो. त्यामुळे पुण्यातून सल्ला घ्या, निधीची आशा इथं ठेवू नका.

बाहेरचा निधी शोधताना मॉरिशसची एक अडचण होते. बेट लहान, पण गरीब देशांच्या यादीत ते बसत नाही. जागतिक बँकेनं २०२० मध्ये त्याला उच्च उत्पन्न गटात टाकलं, पुढच्याच वर्षी परत खाली आणलं. सर्वांत कमी विकसित देशांसाठी राखीव असलेला पैसा त्यामुळे तुम्हाला मिळत नाही. पण आफ्रिकी देश म्हणून दारं उघडी आहेत. नायजेरियातलं टोनी एलुमेलू फाउंडेशन ५,००० डॉलरचं प्रारंभिक भांडवल देतं. ब्रिटनच्या रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनीअरिंगचा आफ्रिका प्राइझ आहे, त्यात बक्षिसापेक्षा मिळणारं प्रशिक्षण मला महत्त्वाचं वाटतं. जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या आंतरराष्ट्रीय निधीचा लघु अनुदान कार्यक्रमही तिच्या कानावर आला असेल, पण तो स्वयंसेवी आणि सामुदायिक संस्थांसाठी आहे, कंपनीसाठी नाही. मच्छीमारांच्या एखाद्या संस्थेला पुढं ठेवून साहित्याची चाचणी करायची असेल तर उपयोगी पडेल.

या सगळ्यावर विसंबू मात्र नये. कॅनडाच्या पैशानं जागतिक बँकेनं २०११ ते २०१८ या काळात कॅरिबियन बेटांवर नवउद्योजकांसाठी असाच मोठा कार्यक्रम चालवला. त्यातून जमैकात हवामानविषयक नवकल्पनांचं केंद्रही निघालं. असे कार्यक्रम मुदतीचे असतात, ते संपतात आणि स्टार्टअपला त्यानंतरही जगायचं असतं. तिच्या अर्जात तिसऱ्या वर्षी विक्री कुठं होईल ते पान सर्वांत आधी लिहायला सांगा. ते पान रेयुनियाँ, सेशेल्स, मादागास्करकडे पाहणारं असेल तरच भरेल. या भागातल्या बेटांच्या सहकार्यासाठी असलेल्या इंडियन ओशन कमिशनचं मुख्यालय एबेनमध्येच आहे, हा फायदा वापरावा. आणि आमची, म्हणजे भारताची बाजारपेठही मोजा. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजं धडकून तेल सांडलं होतं. गोव्याच्या किनाऱ्यांवर पावसाळ्याच्या तोंडाशी डांबराचे गोळे वर्षानुवर्षं वाहून येतात.

अनुदान हप्त्यानं येतं, बहुतेकदा एक टप्पा पूर्ण करून हिशेब दिल्यावर. यंत्र मागवायचं जहाजानं, सुटा भाग बिघडला तर पुन्हा थांबायचं. त्यात दोन महिने गेले की पुढचा हप्ता लांबतो, आणि भल्याभल्यांचे प्रकल्प विज्ञानात चूक नसताना इथंच अडतात. म्हणून तिनं सुरुवातीला कंपनीच काढू नये. संयुक्त प्रकल्पात विद्यापीठाकडून संशोधन सहायक म्हणून राहावं. मानधन थोडं असेल, पण नियमित असेल, यंत्रं विद्यापीठाची असतील. पहिली लेखी ऑर्डर हातात आल्यावर कंपनीची नोंदणी करावी.

राहिली शिक्षिकेची नोकरी. आयुष्यभर वर्गात उभं राहिलेल्या माणसाला मी शिक्षकी पेशाबद्दल काय सांगणार! तिला मनापासून शिकवायचं असेल तर तो रस्ता दोन वर्षांनीही खुला आहे, तेव्हा ती जास्त चांगली शिकवेल. पण आत्ता केवळ तुमच्या काळजीपोटी ती वर्गात गेली, तर ती तिथं रमणार नाही. दोन वर्षं द्या. बारा महिन्यांत खाऱ्या पाण्यातल्या चाचणीचे विश्वासार्ह आकडे आणि सोबत उभी राहणारी एक कंपनी, चोवीस महिन्यांत पैसे मोजून घेतलेली पहिली ऑर्डर, असं दोघांनी मिळून ठरवा. बारा महिन्यांत पहिलं जमलं नाही तर थांबायचं, हेही आताच ठरवा. थांबली तरी बंदर, साखर उद्योग, पर्यावरण विभाग, तपासणी प्रयोगशाळा या ठिकाणी तेलगळती हाताळलेली, प्रकल्पाचे हिशेब दिलेली रसायनशास्त्राची पदवीधर कोणालाही हवीच असते.

या महिन्यात तिनं आधी मार्गदर्शकांशी पेटंट आणि हक्कांबद्दल बोलावं, मग एमआरआयसीला आणि विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांना एका पानाचं टिपण पाठवावं, त्यात रासायनिक प्रक्रियेचा तपशील न देता. टिपणाचा मसुदा माझ्याकडे पाठवलात तर मी पाहून देईन.