अंगणातलं गवत : वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

श्रावणात सगळ्यांना आपलं लॉन आठवतं. एप्रिल-मेमध्ये लॉनबद्दल दोन पत्रं येतात, आता पिशवीभर आली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते : मी कृषितज्ज्ञ नाही. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि नागपूरच्या बजाजनगरातल्या घरासमोर ४०० चौरस फुटांचं हरळीचं लॉन २२ वर्षांपासून सांभाळते आहे. त्यामुळे उत्तरात हिशेब येणार. सहन करा.

काकू, आम्ही पंधरा दिवस अमरावतीला होतो. परतलो तर गवत घोट्याच्या वर गेलेलं. माळीदादांनी एका सकाळी सगळं बारीक कापून दिलं. आता लॉन जुन्या खराट्यासारखं दिसतं. मेलं का? – एक वाचक, मनीषनगर

मेलं नाही, तासलं गेलं. खात्री करायची तर एक काडी मुळासकट उपटा आणि पांढऱ्या कागदावर ठेवा. बुडाशी नखाने दाबून बघा. पांढरट, टणक आणि आत ओलसर असेल तर जीव आहे. पोकळ, तपकिरी आणि चुरगळणारी असेल तर ती काडी गेली.

आता शेजाऱ्यांच्या लॉनमधली न कापलेली एक उंच काडी मागून आणा आणि तिच्या शेजारी ठेवा. हिरवी पानं फक्त वरच्या टोकाला दिसतील, खाली नुसता फिकट दांडा. गवत उंच गेलं की खाली ऊन पोचत नाही, म्हणून हिरवं सगळं वर सरकतं. माळीदादांनी ते हिरवं नेलं आणि तुमच्या वाट्याला दांडे ठेवले. आता हरळीला मुळांतल्या साठ्यावर नवी पानं काढायची आहेत. त्यात श्रावणातलं आभाळ, ऊन जेमतेम.

नियम सोपा आहे : उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त एका वेळी कापायचं नाही. लॉन ३ सेंटिमीटर ठेवायचं असेल तर साडेचार झालं की मशीन काढायचं. जुलै-ऑगस्टात म्हणजे दर पाच-सहा दिवसांनी. आणि १२ सेंटिमीटर वाढलंच, तर आधी ८ वर आणायचं, तीन-चार दिवस थांबून साडेपाचवर, मग ४ वर, शेवटी ३ वर. चार हप्ते. माळीदादा कुरकुर करतील, कारण चार खेपा पडतात. चार खेपांचे पैसे द्या, नवीन लॉन लावण्यापेक्षा स्वस्त पडतं.

मशीनवरच्या आकड्यांवर विसंबू नका. मशीन पोर्चच्या फरशीवर ठेवा आणि पात्यापासून फरशीपर्यंत पट्टीने मोजा. विजेचं असेल तर आधी प्लग काढा. हो, प्रत्येक वेळी. पात्याची धारही तेव्हाच बघा. कापल्याच्या दुसऱ्या दिवशी लॉन दुरून राखट दिसलं आणि पानांची टोकं दोऱ्यासारखी फाटलेली असली, तर मशीन कापत नाही, ओरबाडतं आहे. हाताने ढकलायच्या गोल पात्यांच्या मशीनमध्ये वर्तमानपत्राची पट्टी धरून पातं हळूच फिरवा. कागद सरळ कापला गेला पाहिजे, मुडपला तर धार लावून आणा.

आणखी एक. आपली काळी माती ओली असताना मशीन फिरवू नका. टाचेने दाबा, खड्ड्यात पाणी डोकावलं तर घरात जाऊन चहा प्या. चाकांनी दबलेली माती दिवाळीपर्यंत दगडासारखी होते.

आता तुम्ही काय करायचं? काही नाही. युरिया तर मुळीच टाकू नका. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतील.

या उन्हाळ्यात बैठकीच्या खिडकीखाली हातपंख्याच्या आकाराचा एक डाग पडला. बाकी लॉन पावसाने हिरवंगार झालं, हा डाग मात्र तसाच. माती बदलावी का? पाणी तर तिथेच सगळ्यात जास्त मिळत होतं. – एक वाचक, हुडकेश्वर

खिडकीत कूलर आहे ना? आणि त्याची टाकी धुतलेलं पाणी, वाया जाऊ नये म्हणून, तुम्ही तिथेच सोडत होता ना?

मला कसं कळलं ते सांगते. २०१९च्या जुलैत शहरात एक दिवसाआड पाणी यायला लागलं, तेव्हा मला काटकसरीचं भूत चढलं. पुढचे दोन उन्हाळे कूलरचं सगळं पाणी मी पाइप लावून लॉनच्या एकाच कोपऱ्यात सोडलं. तिसऱ्या वर्षी तिथे अगदी तुमच्यासारखा पंखा उमटला. मी वाळवी समजून औषध टाकलं, हुमणी (मुळं खाणारी अळी) समजून खणलं, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर आळ घेतला. एक दिवस कूलरचं गवत बदलताना जाळीवरचा पांढरा पापुद्रा हाताला लागला आणि ट्यूब पेटली. कूलर पाणी उडवतो, क्षार मागे ठेवतो. आठवडाभर तेच पाणी फिरलं आणि वरून बोअरचं जड पाणी भरत राहिलं, की टाकीच्या तळाशी घट्ट खारं पाणी उरतं. मी ते दर वेळी एकाच जागी ओतत होते. ज्या कुत्र्यावर आळ घेतला होता, त्याला नंतर बिस्किटं नेऊन दिली.

माती बदलायला नको. क्षार पाण्याबरोबर खाली उतरतात, पण आपल्या चिकण मातीत ते फार हळू उतरतात. पाऊस उघडला आणि माती वाफशावर आली, म्हणजे ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की सब्बलीने वीतभर खोल, वीत-वीत अंतरावर भोकं पाडा. त्यात चाळलेलं गांडूळखत भरा. नुसती रेती भरू नका, काळ्या मातीत थोडीशी रेती मिसळली की गिलाव्यासारखं घट्ट होतं. मग चांगल्या भागातले हरळीचे पेरांसकट तुकडे काढून तिथे दाबा. सप्टेंबरअखेरीपर्यंत हे काम उरका. कूलरचं पाणी यापुढे गटाराला, नाहीतर फाटकासमोरचा रस्ता शिंपायला.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे, तर माझा एक हट्ट ऐका. मे महिन्यात लॉन हिरवं दिसलंच पाहिजे, हे डोक्यातून काढून टाका. पारा ४५च्या वर गेला की हरळी स्वतःच आवरतं घेते. वरचं वाळतं, खालची पेरं जिवंत राहतात. एक इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर. माझ्या ४०० चौरस फुटांना, म्हणजे ३७ चौरस मीटरला, ते सव्वानऊशे लिटर होतं. भर उन्हाळ्यात आठवड्याला निदान तेवढं लागतं. कुठून आणायचं? मी दहा-बारा दिवसांनी एकदा अर्धा इंच देते, तेही पहाटे आणि दोन फेऱ्यांत, मध्ये अर्धा तास थांबून. माती फुगून तोंड मिटते, मग दुसऱ्या फेरीचं पाणी वाहून न जाता मुरतं. हे पाणी हिरवाईसाठी नाही, जमिनीला भेगा पडू नयेत म्हणून आहे. भेग पडली की मुळं तुटतात. स्प्रिंकलर असेल तर लॉनवर टिफिनचे चार डबे ठेवा आणि पट्टीने पाणी मोजा, किती वेळात किती पडतं ते एकदाच कळून जाईल. एप्रिलपासून कापणीची उंची एक सेंटिमीटरने वाढवा, बुडाशी सावली राहते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, मशीन झाकून ठेवा.

आंब्याखाली हिरवळ टिकत नाही. तीनदा तयार गवताचा गालिचा आणून अंथरला. कोणती जात लावू? – एक वाचक, धरमपेठ

कुठलीच नको. हरळीला निदान सहा तास चांगलं ऊन हवंच. चौथा गालिचा विकत घेऊ नका, आंब्याखाली दोन खुर्च्या टाका.

पाऊस भरपूर, तरी लॉन पिवळं. दोनदा युरिया टाकला, पिवळं अजून वाढलं. डिसेंबरात तर पांढुरकंच होतं. – एक वाचक, त्रिमूर्तीनगर

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबरातलं सोडून द्या. हरळी उष्ण हवेतलं गवत आहे, रात्री गारठल्या की ती वाढ थांबवते आणि फिकी पडते. २०१८च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा साडेतीन अंशांवर उतरला होता, तेव्हा माझं लॉन गव्हाच्या काडासारखं झालं होतं. फेब्रुवारीअखेर आपोआप हिरवं झालं. थंडीत युरिया नको, संध्याकाळचं पाणीही नको.

आताच्या पिवळेपणासाठी पान जवळून बघा. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली असतील तर नत्र कमी आहे. कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर लोह कमी पडतं आहे. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. साचलेल्या पाण्यात तर मुळं आणखीच लुळी पडतात. युरियाने वाढ जोरात होते, लोहाची ओढ वाढते आणि पिवळं जास्त दिसतं. तुमचं तेच झालं असावं.

आधी पाणी निघून जायला वाट करून द्या. मग लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून, पाऊस नसलेल्या दिवशी सकाळी पानांवर फवारा. आठ-दहा दिवसांनी परत. फरशीवर थेंब पडू देऊ नका, पडला तर लगेच धुवा. माझ्या पायरीवर तांबूस ठिपके आहेत आणि आमचे हे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते दाखवतात. युरिया द्यायचाच असेल तर हजार चौरस फुटांना अर्धा किलो पुरे, पानं कोरडी असताना, आणि वरून लगेच पाणी.

लॉनमधल्या दूर्वा गणपतीला चालतात का? सासूबाई म्हणतात, मशीन फिरलेल्या चालत नाहीत. – एक वाचक, प्रतापनगर

सासूबाईंशी मी सहमत आहे. लॉनची हरळी आणि दूर्वा एकच, पण मशीनने शेंडे उडवले की तीन पानांची कोवळी दूर्वा मिळणार कुठून? शिवाय कुठे कुठे औषध मारलं आहे, ते देवाला ठाऊक नसलं तरी तुम्हाला ठाऊक असतं.

आतापासूनच एक कोपरा राखून ठेवा. दोन हात लांब, एक हात रुंद. तिथे मशीन नाही, फवारा नाही, युरिया नाही. फक्त मोथा आणि केना हे तण दिसलं की हाताने उपटायचा, मोथा गाठीसकट, नाहीतर तो आठवड्यात परत हजर. मी तिथे चार काड्या रोवून सुतळी बांधते. गेल्या वर्षी माळीदादांनी ती सुतळी कपडे वाळत घालायची समजून सोडवली आणि कोपरा सफाचट केला. २१ जुड्यांसाठी मला शेजारी हात पसरावे लागले. यंदा सुतळीला लाल फडकं बांधलं आहे.