सेन्सर गप्प झाला तर इशारा कशावर द्यायचा?

प्रश्न : पंचगंगेची पातळी सांगणारी यंत्रणा आम्ही तयार करतोय. ऐन पावसात सेन्सरकडून आकडे येणं थांबतं. माहिती अपुरी असताना इशारा द्यायचा की नाही, हे यंत्रणेनं कसं ठरवावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : यंत्रणेत नुसती पातळी साठवू नका, तिच्यात चूक किती असू शकते, तेही दर वेळी सोबत ठेवा. यासाठी रुडॉल्फ कालमान यांनी १९६० मध्ये मांडलेला कालमान फिल्टर, म्हणजे अंदाज आणि मोजमाप यांचा मेळ घालणारी गणिती पद्धत, वापरा.

समजा, गणिती अंदाज ४१ फूट, संभाव्य चूक १ फूट. सेन्सर म्हणतो ४२ फूट, चूक अर्धा फूट. चुकांचे वर्ग १ आणि ०.२५. अंदाजाच्या चुकीच्या वर्गाला दोन्हींच्या बेरजेनं भागा : १ ÷ १.२५ = ०.८. दोन आकड्यांतल्या फरकाच्या तेवढ्या हिश्श्यानं अंदाज सरकवा. पातळी ४१.८ फूट, उरलेल्या चुकीचा वर्ग ०.२.

आता सेन्सर बंद पडला. दर तासाला त्या वर्गात ठरावीक भर घाला, समजा ०.०९. चार तासांनी तो ०.५६ होतो, म्हणजे चूक सुमारे पाऊण फूट. दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरा. नदी स्थिर आहे असं गणित सांगत असलं, तरी पाणी ४०.३ ते ४३.३ फुटांत कुठेही असू शकतं. राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी ४३ फूट, म्हणून इशारा इथंच द्यायचा, मधला आकडा खाली असला तरी. एखादा इशारा फुकट गेला तर चालेल. चिखली-आंबेवाडीतली जनावरं हलवायला उशीर झालेला चालणार नाही.

ही तासाची भर शून्य ठेवणं ही नेहमीची चूक. मग चुकीचा वर्ग आकसत जातो, फिल्टर हट्टी होतो आणि चांगल्या सेन्सरचंही ऐकेनासा होतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचं कळलं की ही भर मुद्दाम वाढवा, कारण जुना अंदाज तेव्हा लवकर शिळा होतो.

सेन्सरखाली जलपर्णी अडकली तर पातळी उगाच जास्त दिसते. वरच्या उदाहरणात १.२५ चं वर्गमूळ सुमारे १.१२, अंदाज आणि सेन्सर यांच्यातला फरक त्याच्या तिपटीहून, म्हणजे सुमारे ३.३५ फुटांहून मोठा असेल तर सेन्सरचा तो आकडा बाजूला ठेवा, पण पुसू नका. लागोपाठ तीन-चार आकडे त्याच बाजूला गेले तर चूक गणिताचीही असू शकते. तेव्हा माणूस पाठवून बंधाऱ्यावरची पट्टी वाचून घ्या.