सही करण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. वर्गात गोंधळ घालणाऱ्या त्या मुलाबद्दल 'त्याला दहा दिवस घरी बसवा' असं मुख्याध्यापकांना लिहून द्यायचं तुझ्या मनात आहे. वर्ग शांत होईल, यात शंका नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मीही एका मुलाबद्दल असं लिहून दिलं होतं. ते दहा दिवस मला फार सुखाचे गेले.

अकराव्या दिवशी तो आला. फळ्यावर अपूर्णांकांचा भागाकार चालला होता. त्याची वही छेद समान करण्यापाशीच थांबलेली. मी एकेकाला फळ्यापाशी बोलावत होतो. त्याच्या आधी दोघंच उरले, तेव्हा त्याने पुढच्या मुलाच्या पाठीत पेन्सिल खुपसली. मी त्याला लगेच बाहेर उभं केलं. गणित येत नाही हे चारचौघांत उघडं पडण्यापेक्षा वांड म्हणवून घेणं त्याला परवडत होतं, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. ती सोय मीच करून दिली होती.

त्याला सोडायला आलेली आई जाता जाता बोलून गेली, की दहा दिवसांची रोजी बुडाली, पोराला घरी एकटं कसं सोडणार? शाळेच्या कुठल्याच वहीत हा खर्च मांडला जात नाही.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांच्या नोंदी सातवीपासून पुढे तपासल्या गेल्या. अहवाल २०११ साली आला. निलंबित केलेल्या किंवा काढून टाकलेल्या मुलांपैकी ३१ टक्के मुलं किमान एकदा त्याच वर्गात पुन्हा बसली. कधीच कारवाई न झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के. तू म्हणशील, ती मुलं मुळात कच्चीच असणार. काही असतीलही. पण त्याच अहवालात दिसतं, की सारखीच मुलं असलेल्या शाळांमध्येही कारवाईचं प्रमाण बरंच वेगळं होतं. म्हणजे पोरांइतकाच प्रश्न सही करणाऱ्यांचाही आहे.

कुणाला इजा झाली असेल, तर ती करणाऱ्याला बाजूला काढावंच लागतं. तिथे मी वाद घालणार नाही. उलट उत्तरं आणि गोंधळ एवढंच असेल, तर दुसऱ्या खोलीत बसव, पण हातात त्याच दिवसाचं गणित देऊन. घरी पाठवायचंच ठरलं, तर रोजचा अभ्यास त्याच्यापर्यंत कोण पोचवणार, ते त्याच कागदावर लिही. आणि तो परत येईल त्या दिवशी पहिल्या तासाला त्याला फळ्यापाशी बोलावू नकोस.