ऑल-व्हील-ड्राइव्हचा एकच टायर फाटला, तर

ऑल-व्हील-ड्राइव्ह म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी. तिच्या एका टायरच्या साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, कट गेला असेल, तर तो टायर संपला. पंक्चरवाला "आतून पॅच मारतो, चालेल" म्हणेल, ऐकू नका. दुरुस्ती होते ती मधल्या पट्ट्यातल्या छोट्या भोकाची.

आता एक घ्यायचा की चार? आधी उरलेल्या तिन्ही टायरची नक्षी किती खोल राहिलीय ते डेप्थ गेजने मोजा. नव्या टायरची साधारण ८ मिमी असते. तुमचे ४ मिमीवर आले असतील, तर नव्याचा परीघ जवळपास २५ मिमीने जास्त भरतो. म्हणजे जुनी चाकं दर किलोमीटरला पाचेक फेरे जास्त मारणार, आणि हा फरक सेंटर डिफरेन्शियल किंवा कपलिंगचा क्लच (पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारा भाग) सतत पचवत बसणार. तो तापतो, झिजतो, आणि त्याचं बिल चार टायरांपेक्षा मोठं येऊ शकतं. साध्या फ्रंट-व्हील-ड्राइव्हवाल्या (फक्त पुढच्या चाकांना ताकद मिळणारी गाडी असलेल्या) मित्रांचा अनुभव इथे कामाचा नाही.

सुबारू ही कार कंपनी परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको म्हणते, म्हणजे नक्षीत जेमतेम १ मिमी! बाकी कंपन्या थोड्या सैल आहेत. तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा.

फरक त्या मर्यादेत बसत असेल तर एकच घ्या, पण ब्रँड, मॉडेल, साइज तेच. नाही बसत, तर चारही. अमेरिकेत काही दुकानं नवा टायर तासून जुन्यांच्या मापाचा करून देतात.

आणि डिकीतली कोरी स्टेपनी कायमची चढवून मोकळं होऊ नका. तीही ८ मिमीचीच आहे.